मुलांना अंगणातले किडे दाखवताना: आधी काय, मग काय आणि कुठे चुकतं

सोसायटीच्या बागेत रविवारी सकाळी अकराला दहा-बारा मुलं, एक भिंग आणि एक रिकामी बरणी घेऊन कुणीतरी म्हणतं, "चला, किडे पकडू या!" पुढच्या पंधरा मिनिटांत बरणीत पंख फाटलेलं फुलपाखरू असतं, दोन मुलांना मुंग्या चावलेल्या असतात, भिंगावरून मारामारी झालेली असते आणि उरलेली मुलं झोपाळ्यावर असतात. मग मोठी माणसं म्हणतात की हल्लीच्या मुलांना मोबाइलशिवाय काही नको.

मुलांचं काही चुकलेलं नसतं. क्रम चुकलेला असतो. आधी पकडणं, मग नाव विचारणं आणि शेवटी वेळ उरला तर बघणं असं सगळं उलटं चालतं. इथे क्रम असा ठेवला आहे: बसून बघणं, मोजणं, थोडा वेळ हाताळून परत सोडणं आणि नाव सगळ्यांत शेवटी. उपक्रम सहा आहेत. एका दिवशी एकच करा. सगळे एकाच सकाळी उरकायला गेलात तर मुलांच्या लक्षात फक्त धावपळ राहते.

वयोगट साधारण ५ ते १२. इमारतीमागची बाग, शाळेचं कुंपण, घराचं परसू यांपैकी काहीही चालेल. अळी पाळायला तर बाल्कनीतली कढीपत्त्याची एक कुंडीही पुरते.

## पूर्वतयारी

हंगाम आणि वेळ. महाराष्ट्रात सगळ्यात सोपा काळ म्हणजे पाऊस ओसरल्यापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत, म्हणजे सप्टेंबर आणि ऑक्टोबर. झाडं भरलेली असतात, फुलं असतात आणि जमीन ओली असली तरी चिखल नसतो. एप्रिल-मे महिन्यांत हाच कार्यक्रम केला तर निम्म्या वेळा हात हलवत परत यावं लागतं.

दिवसाची वेळ साडेआठ ते साडेदहा. फुलपाखरांना उडण्याआधी ऊन खाऊन अंग तापवावं लागतं, त्यामुळे पहाटे सहाला मुलांना उठवून बागेत नेण्यात काहीच मिळत नाही. साडेअकरानंतर उन्हाने मुलं कंटाळतात आणि बरेचसे किडेही पानाखाली जातात.

आदल्या दिवशी एकट्याने फेरी मारा. ही पायरी सगळे गाळतात आणि मग सगळं तिथेच बिघडतं. चार गोष्टी बघायच्या:

१. फवारणी झाली आहे का? माळ्याला थेट विचारा: शेवटचं औषध कधी मारलं, कोणत्या झाडांवर? गेल्या पंधरा दिवसांत मारलं असेल तर ते झाड यादीतून काढा. पावसाळ्यात डासांसाठी धूर फवारणी होते, तिची तारीखही विचारून ठेवा. धुरानंतर दोन-तीन दिवस बाग सुनीसुनी असते.

२. मोहोळ कुठे आहे? उंच फांदीला किंवा इमारतीच्या छज्जाखाली आग्यामोहोळ असेल तर कार्यक्रमाची जागाच बदला. झुडपात फुलोरी माशीचं तळहाताएवढं पोळं असेल तर त्या झुडपाला दोरी बांधून ठेवा. गांधीलमाशीचं घर बाकाखाली, नळाच्या पेटीत, कुंडीच्या आडोशाला असतं. तिथे वाकून बघाच.

३. आंब्यावर किंवा जांभळावर पानं एकमेकांना शिवून केलेले गोळे दिसतात का? ती तांबड्या मुंग्यांची घरं. लांबून दाखवायला फार छान, पण ती फांदी झटकायची नाही.

४. पाणी, सावली आणि हात धुवायची जागा कुठे आहे?

सामान. महाग काहीच लागत नाही.

- भिंग: दोन मुलांमागे एक. स्टेशनरीच्या दुकानातलं हातात धरायच्या मुठीचं मोठं भिंग पुरतं.
- पारदर्शक झाकणाच्या छोट्या डब्या ५-६. झाकणाला टाचणीने भोकं, आतून बाहेर पाडलेली. बाहेरून पाडली तर आत राहणारी टोकं किड्याला लागतात.
- चित्रकलेचा मऊ ब्रश, ४ किंवा ६ नंबर. किडा उचलायला बोटांपेक्षा हाच बरा.
- जुनी पांढरी चादर आणि फिक्या रंगाची जुनी छत्री.
- ४ मीटर सुतळी, चार काड्या.
- पाठकोरे कागद, पेन्सिल. रंगीत वही आणू नका, ती मळेल म्हणून मुलं ती उघडतच नाहीत.
- पायात बूट, अंगात पूर्ण पँट.

लहान मुलांच्या भिंगाकडे लक्ष ठेवा. भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही आणि ऊन एका जागी गोळा करून मुंगी जाळायची नाही. हे दोन्ही पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी करून बघणारच, म्हणून आधीच सांगा.

एका मोठ्या माणसामागे ५ ते ६ मुलं. यापेक्षा जास्त असतील तर दोन तुकड्या करा.

## हात न लावण्याची यादी

ही यादी बागेत उभं राहून, शक्य तिथे दाखवून सांगायची. "कशालाच हात लावू नका" असं म्हटलं की मुलं पाच मिनिटं ऐकतात. नेमकं सांगितलं की लक्षात ठेवतात.

- केसाळ सुरवंट. सोपा नियम: गुळगुळीत ती अळी, ती ब्रशवर घेता येते. केसाळ किंवा काटेरी दिसला की लांबून. आंब्या-नारळावरची काटेरी हिरवी अळी तर विजेचा झटका बसल्यासारखी चुरचुरते.
- हिंगे. काळ्या अंगावर केशरी पट्टे असलेले भुंगेरे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात जास्वंद आणि भेंडीच्या फुलांवर बसून पाकळ्या खातात. रंग आकर्षक, चाल संथ, त्यामुळे मुलं हमखास उचलतात. अंगातून निघणाऱ्या द्रवाने कातडीवर फोड येतात.
- गांधीलमाशी, मधमाशी, मोठा काळा भुंगा. बघायच्या, पण पकडायच्या नाहीत.
- गोम आणि विंचू. दगडाखाली दोन्ही सापडतात.
- रुईचा चीक. रुईवर किडे फार छान दिसतात, पण पान तोडलं की निघणारा पांढरा चीक डोळ्यात गेला तर मोठी इजा होते. रुईचं पान फक्त मोठ्यांनी तोडायचं.

सुरवंटाचे केस लागले तर चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून ओढायची, दोन-तीनदा, मग साबणाने धुवायचं. मधमाशीचा काटा रुतला असेल तर लगेच काढायचा, जागा धुवून थंड पाण्याची पट्टी ठेवायची. चेहरा, ओठ सुजायला लागले किंवा श्वास लागला तर वाट न बघता दवाखाना. कुठल्या मुलाला आधी अशी ॲलर्जी झाली आहे का, हे पालकांना आदल्या दिवशीच विचारा.

## टप्पा १: दहा मिनिटं एका जागी

मुलांना हा सगळ्यात कंटाळवाणा वाटेल असं मोठ्यांना वाटतं. अनुभव उलटा येतो, फक्त नीट मांडणी हवी.

१. फुललेलं झाड निवडा. तुळशीला मंजिऱ्या आल्या असतील तर दुसरं काही शोधू नका, मधमाश्या येतातच. घाणेरी, झेंडू, एक्झोरा, फुललेला शेवगा हेही चालतात. सगळ्यात फसवं झाड म्हणजे दुकानातून आणलेला दुहेरी पाकळ्यांचा गुलाब. फूल मोठं, पण पाकळ्यांच्या गर्दीत परागापर्यंत पोचणं अवघड, त्यामुळे त्यावर फारसं कुणी फिरकत नाही.

२. सुतळी आणि चार काड्यांनी एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखा. चौकोनामुळे मुलांची नजर थांबते. "बागेत बघा" म्हटलं तर ती सगळीकडे बघतात, म्हणजे कुठेच बघत नाहीत.

३. मुलं चौकोनापासून दोन हात लांब, खाली बसलेली. उभं राहिलं की सावली फुलांवर पडते आणि सगळे उडून जातात. सूर्य मुलांच्या पाठीशी नको, समोर किंवा बाजूला हवा.

४. मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर. तेवढ्या वेळात फुलावर बसणारा प्रत्येक किडा एक रेघ. नुसता वरून गेलेला धरायचा नाही.

५. नावं नाहीत. मुलांनी आपली टोपणनावं द्यायची: "निळ्या पट्ट्यांची", "हेलिकॉप्टर", "घाईवाली". खालच्या ओळीत तिने काय केलं ते: रस प्यायली, पाय पुसले, दुसरीला हाकललं.

पाचवीच्या पुढच्या मुलांना एक जास्तीचं काम द्या: एकच किडा डोळ्यांनी पकडायचा आणि तो सलग किती फुलांवर जातो ते मोजायचं. मधमाशी बहुधा एकाच जातीच्या फुलांवर फिरत राहते. फुलपाखरू मध्येच दिशा बदलतं. हे मुलांना स्वतः दिसू द्या, आधी सांगू नका.

तपासा: दहा मिनिटांत पाचसुद्धा रेघा झाल्या नसतील तर जागा चुकली. ऊन आलेलं नसेल किंवा फवारणी झालेली असेल. चौकोन हलवा, मुलांना दोष देऊ नका.

## टप्पा २: फांदी झटकणे आणि पाय मोजणे

जास्वंद, मेंदी, तगर किंवा कुंपणाचं कुठलंही दाट झुडूप घ्या.

१. छत्री उघडून उलटी, फांदीच्या अगदी खाली धरा. ही युक्ती साधी आहे पण चादरीपेक्षा चांगली, कारण पडलेलं सगळं मध्ये गोळा होतं.

२. काठीने फांदीवर तीन-चार टोले, झटपट. हळूहळू हलवलं तर किडे पाय रोवून घट्ट धरतात आणि काही पडत नाही. हीच इथली नेहमीची चूक. फांदी मोडेपर्यंत झोडपायचं मात्र नाही.

३. छत्री लगेच सावलीत नेऊन पांढऱ्या चादरीवर रिकामी करा. मुलं चारी बाजूंनी गुडघ्यांवर.

४. चादरीवर आधीच चार गोल काढलेले कागद ठेवा: बिनपायांचे, सहा पायांचे, आठ पायांचे, खूप पायांचे. ब्रशवर किंवा डबीत घेऊन एकेक किडा योग्य कागदावर.

सहा पाय आणि शरीराचे तीन भाग (डोकं, छाती, पोट) म्हणजे कीटक. आठ पाय म्हणजे कोळी आणि त्याचे भाऊबंद. खूप पाय म्हणजे गोम, वाणी. पाय नाहीत ते गांडूळ आणि गोगलगाय. हे नियम सांगून टाकायचे नसतात. दोन-तीन कोळी आठ पायांच्या कागदावर जमले की "हे सगळे सारखे का दिसतात?" असं विचारायचं.

इथे दोन प्रश्न येतात आणि बहुतेक मोठी माणसं तिथे गडबडतात.

"अळीला तर खूप पाय आहेत, मग ती कुठे?" अळी कीटकच. भिंगातून पुढचा भाग बघायला लावा: डोक्यामागे तीन जोड्या टोकदार, सांध्यांचे पाय असतात. तेच खरे सहा. मागचे जाडे, मांसल ठोकळे फांदी पकडायला असतात आणि फुलपाखरू झाल्यावर ते नाहीसे होतात.

"मृगाचा किडा?" जूनमध्ये पहिल्या पावसानंतर मातीवर दिसणारा लाल मखमली. नावात किडा असला तरी त्याला आठ पाय आहेत, म्हणजे तो कोळ्याच्या गोतातला. जूनमध्ये हा टप्पा करत असाल तर त्याच्यापासूनच सुरुवात करा. मुलं घरी जाऊन आजीला दुरुस्त करतात, आजीही ऐकून घेते.

इशारा: झाकलेल्या डबीत कुठलाही किडा दहा मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि डबी उन्हात तर एक मिनिटही नको. पारदर्शक डबी उन्हात भट्टीसारखी तापते. एका डबीत दोन किडे ठेवले तर एक दुसऱ्याला खाण्याची शक्यता असते. शेवटी सगळे त्याच झुडपाखाली सोडायचे, दुसऱ्या झाडाखाली नाही.

## टप्पा ३: मुंग्यांचं जेवणाचं ताट

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी हा उत्तम, कारण निकाल अर्ध्या तासात लागतो.

चार बाटल्यांची झाकणं घ्या. चौघांत कापसाचा एकेक बोळा: गुळाचं पाणी, मिठाचं पाणी, साधं पाणी, शेंगदाण्याचं तेल. मुंग्यांच्या रांगेपासून वीतभर अंतरावर, चारही सारख्याच अंतरावर ठेवा. अंतर सारखं नसेल तर मुंग्या जवळच्याकडे जातील आणि मुलांना वाटेल की चव आवडली. १०, २०, ३० मिनिटांनी मोजा.

गूळ जिंकेल असं सगळे धरून चालतात. कधीकधी तेलावर जास्त गर्दी होते, कारण वेगवेगळ्या जातींची आणि वारुळाची गरज वेगळी असते. "चुकलं" असं म्हणू नका. आलेला आकडा लिहा.

दुसरा भाग: वाहत्या रांगेच्या मधोमध ओल्या बोटाने आडवी रेघ पुसा. मुंग्या तिथे येऊन गोंधळतात, मागे वळतात, शोधतात. त्या वासाच्या वाटेवर चालत होत्या आणि ती वाट पुसली गेली. थोड्या वेळात पुन्हा जोडली जाते. ती किती मिनिटांत जोडली गेली हे मुलांनी घड्याळ लावून बघायचं.

## टप्पा ४: रात्रभराचा खड्डा

जमिनीवर फिरणारे बरेचसे किडे रात्री बाहेर पडतात. ते बघायला दह्याचा ४०० ग्रॅमचा रिकामा डबा पुरतो.

१. डब्याच्या तळाला टाचणीने सात-आठ भोकं. पाऊस आला तर पाणी निघून जायला हवं.
२. झुडपाच्या कडेला, वर्दळ नसलेल्या जागी खड्डा. डबा आत बसवून कडा मातीच्या बरोबरीने किंवा केसभर खालीच.
३. तळाला मूठभर सुकी पानं, म्हणजे आत पडलेल्यांना लपता येतं.
४. वर कौल किंवा फरशीचा तुकडा, खाली चार खडे ठेवून दोन बोटं उंच.
५. संध्याकाळी सहाला लावायचा, सकाळी सातला उघडायचा. आत पाणी, साबण, औषध काही नको.

काही न मिळण्याचं कारण जवळपास नेहमी एकच असतं: कडा वर राहिलेली असते. किडा तिथे येतो, भिंत लागते आणि वळसा घालून जातो. बोट फिरवून बघा. मातीवरून डब्यात बोट न अडखळता गेलं पाहिजे.

सकाळी डबा थेट हाताने चाचपायचा नाही, ताटात ओतायचा. विंचू असू शकतो. बघून झालं की सोडा, खड्डा बुजवा. विसरलेला डबा ही इथली खरी चूक आहे. मुलं दुसऱ्या दिवशी येत नाहीत, डबा तसाच राहतो आणि आठवडाभर त्यात जीव मरत राहतात. ज्या मोठ्या माणसाने लावला त्याच्या फोनमध्ये गजर हवा.

याच दिवशी दगड उलटून बघणार असाल तर दगडाची पलीकडची कडा धरून आपल्याकडे उचला. खाली काही असलं तर दगड आपल्या आणि त्याच्या मध्ये राहतो. मग दगड होता तसा परत ठेवा, कारण ते कुणाचं तरी घर आहे आणि उघडं पडलं की काही तासांत सुकतं.

## टप्पा ५: कढीपत्त्यावरची अळी पाळणे

वेळ द्यायचा असेल तर इथे द्या. महिनाभराचं काम आहे, चुकाही इथेच सर्वाधिक होतात.

शोधायचं काय. कढीपत्ता, लिंबू किंवा बेलाच्या कोवळ्या पानांवर मोहरीपेक्षा लहान, गोल, फिकट पिवळं एकेकटं अंडं. किंवा काळी-तपकिरी, पांढरे ठिपके असलेली, अगदी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी छोटी अळी. तो वेश तिला वाचवतो. चार वेळा कात टाकून ती मोठी होते, शेवटच्या अवस्थेत एकदम हिरवी. मुलांना हे दोन वेगळे प्राणी वाटतात, म्हणून छोटी असतानाच घेणं बरं. अंडं फुटायला साधारण तीन दिवस, अळी दोन आठवड्यांच्या आसपास, कोष आठ ते दहा दिवस. थंडीत हे सगळं लांबतं. कोष तर कधी आठवडेच्या आठवडे तसाच राहतो.

या झाडांवर लिंबाचं फुलपाखरू, बहुरूपी आणि राणी पाकोळी असे बरेच जण अंडी घालतात आणि त्यांच्या छोट्या अळ्या ओळखायला अवघड. राणी पाकोळी म्हणजे २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेली. मुलांना सांगा, कोण आहे ते शेवटच्या दिवशीच कळेल. प्रत्येकाने आपला अंदाज चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करायचा.

घर.

१. पाच लिटरची रुंद तोंडाची पारदर्शक बरणी किंवा एका बाजूला मच्छरदाणीचं कापड लावलेलं खोकं. उंची किमान वीतभर अधिक चार बोटं, कारण फुलपाखराला पंख लटकवून पसरायला जागा लागते. तोंडाला कापड आणि रबर, झाकण नको.

२. तळाला टिश्यू किंवा वर्तमानपत्र. लेंड्या रोज काढायच्या.

३. कढीपत्त्याची डहाळी औषधाच्या छोट्या बाटलीत पाणी घालून उभी करायची. बाटलीचं तोंड कापसाने गच्च बुजवायचं. उघडं ठेवलं तर अळी काडीवरून उतरते, थेट पाण्यात जाते आणि बुडते. सगळ्यात जास्त अळ्या याच कारणाने मरतात.

४. एक उभी सुकी काटकी तिरकी टेकवून ठेवा. कोष बांधायला लागते.

५. बरणी ताटलीत, ताटलीत पाणी. आपण साखरेच्या डब्याला करतो तसंच, मुंग्यांसाठी.

एका बरणीत दोन, फार तर तीन अळ्या. वर्गातल्या प्रत्येकाला एकेक असा हट्ट धरू नका.

रोजचं काम. सकाळी जुनी डहाळी बदलायची. अळी ओढून काढायची नाही. ती पायांनी इतकी घट्ट धरते की ओढली तर फाटते. तिच्याखालचा पानाचा तुकडा कात्रीने कापून नव्या डहाळीवर ठेवायचा, ती आपली आपण जाईल. ज्या झाडावर सापडली त्याच झाडाची पानं शेवटपर्यंत द्या. लिंबावरची अळी मध्येच कढीपत्त्यावर नेली तर कधीकधी खात नाही. आणि शेवटच्या चार-पाच दिवसांचा साठा आधी बघून ठेवा. त्या दिवसांत अळी आधीच्या सगळ्या आयुष्यात मिळून खाल्लं त्याहून जास्त खाते. रविवारी रात्री कढीपत्ता संपला की बाजारातली जुडी आणली जाते, तिच्यावर औषध असतं आणि सकाळी अळी काळी पडलेली असते.

खोलीतल्या वस्तू. डासांची कॉइल, प्लगमधलं लिक्विड, किडे मारायचा फवारा हे त्या खोलीत पूर्ण बंद. डास मारायचं औषध अळीलाही मारतं. हाताला डास पळवायचं मलम किंवा सॅनिटायझर असेल तर आधी साबणाने धुवा.

मुलं घाबरतात अशा चार वेळा, आणि चारही ठीक असतात:

- अळीला हात लागला की डोक्यामागून लालसर-केशरी, शिंगासारखा दुभंगलेला अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. धमकी आहे, दुखापत नाही. एकदा बघा, पुन्हा पुन्हा चिडवू नका.
- दिवसभर न हलता बसते. कात टाकायची तयारी. या वेळी हात लावला किंवा डहाळी बदलली तर जुनी कात अडकते आणि अळी मरते.
- शेवटी अचानक पातळ शी करते आणि बरणीभर फिरते. आजारी नाही, कोषाची जागा शोधते आहे. मग मागचं टोक चिकटवून कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधते आणि तशीच थांबते. दुसऱ्या दिवशी कोष.
- फुलपाखरू निघताना तांबूस-तपकिरी थेंब पडतात. रक्त नाही.

कोष हिरवा की तपकिरी, ते बऱ्याच अंशी आजूबाजूवर ठरतं. दोन अळ्या असतील तर एकीला हिरव्या पानात आणि दुसरीला सुक्या काटकीवर संधी द्या, निकाल बघा.

फुलपाखरू निघतं तो दिवस. आदल्या दिवशी कोषातून पंखांचे रंग दिसायला लागतात. बहुधा सकाळी निघतं. ओले, चुरगळलेले पंख खाली लटकवून अर्ध्या तासात ते ताणतं, पण ते कडक व्हायला काही तास जातात. या वेळात पडलं तर ब्रशवर चढवून पुन्हा काटकीला लटकवा. पंखाला बोट नाही. दुपारपर्यंत उडण्याची घाई दिसली की ज्या झाडावरून आणलं त्याच्याजवळ सोडा. पाऊस असेल तर उद्या.

कधीकधी फुलपाखरू निघतच नाही. कोष काळपट पडतो, त्याला बारीक भोक दिसतं आणि आतून चिमुकल्या गांधीलमाश्या किंवा माशी निघते. त्यांच्या आईने अळीच्या किंवा नुकत्याच झालेल्या कोषाच्या अंगात अंडी घातलेली असतात. मोठी माणसं हा कोष गुपचूप फेकून देतात आणि "उडून गेलं" सांगतात. तसं करू नका. बरणी मुलांसमोर उघडा आणि काय निघालं ते मोजायला द्या. बाग अळ्यांनी का भरून जात नाही, याचं उत्तर मुलांच्या हातात आलेलं असतं.

## टप्पा ६: रात्रीची चादर

सात वर्षांच्या वरच्या मुलांसाठी, गच्चीवर किंवा बागेत. अमावास्येच्या आसपासची, वारा नसलेली, दमट रात्र निवडा. पौर्णिमेला चंद्रप्रकाशात दिवा फिका पडतो आणि पतंग कमी येतात.

दोरीवर पांढरी चादर ताणून बांधा, खालची कडा जमिनीवर हातभर पसरलेली. चादरीसमोर हातभर अंतरावर दिवा. घरातला एलईडी बल्ब लावून "काहीच आलं नाही" असं खूप जण म्हणतात. पतंगांना ओढणारा अतिनील प्रकाश त्यात जवळपास नसतो. जुना सीएफएल किंवा साधी ट्यूब चांगली. वायर ओल्या गवतावर नको आणि दिव्याकडे टक लावून बघायचं नाही.

साडेसात ते नऊ. मुलांच्या कानांत कापसाचे बोळे, दिव्याजवळचे बारीक किडे कानात शिरतात. शिरलाच तर कानकोरणं, काडी काही घालायचं नाही, डॉक्टरकडे जायचं.

बसलेला पतंग आणि फुलपाखरू यांतला फरक इथे दाखवा: मिशांची टोकं. फुलपाखराच्या मिशांना टोकाशी गाठ असते, पतंगाच्या पिसासारख्या किंवा साध्या धाग्यासारख्या असतात. पाली आणि बेडूक जेवायला येतीलच, त्यांनाही वहीत जागा द्या. नऊला दिवा बंद. रात्रभर चालू ठेवला तर पतंग तिथेच फिरून थकतात आणि सकाळी बुलबुल, साळुंक्या सगळे उचलतात. चादर हलकेच झटकून गवतावर सोडा.

## नाव कधी आणि कसं

प्रत्येक टप्प्यानंतर घरी येऊन, आधी चित्र. पाय किती, पंख किती, मिशा कशा, कुठल्या झाडावर. हे लिहून झाल्यावरच फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या, फोटोवरून जीव ओळखायला मदत करणाऱ्या संकेतस्थळांवर टाकायचा. फोटो तीन: वरून, बाजूने आणि ज्या झाडावर होता त्याचा. तिसरा फोटो सगळे विसरतात आणि बरेचदा ओळख त्याच्यावरूनच पटते. मुलाने दिलेलं टोपणनाव वहीतून खोडायचं नाही, शेजारी खरं नाव लिहायचं.

थर्मोकोलवर टाचणी टोचून संग्रह करायचा प्रकल्प शाळेकडून आला तर फोटो आणि चित्रांचा पर्याय द्या. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या अनुसूचींमध्ये काही फुलपाखरं आणि भुंगेरेही आहेत, आणि कुठलं त्यातलं आहे हे सहावीतल्या मुलाला कळणं शक्य नाही. रिकामी कात, फुटलेला कोष, बागेत मेलेला सापडलेला भुंगेरा एवढं काड्यापेटीत कापसावर ठेवलं तरी प्रदर्शनाचा एक कोपरा भरतो. पेटीत डांबरगोळी टाका, नाहीतर आठ दिवसांत मुंग्या भुंगेऱ्याचे सहाही पाय घेऊन जातील.